निर्धूर चूल पुन्हा घडवायची तर: रेखाचित्र सोपे, बाकीचे अवघड

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात सकाळी फेरफटका मारला, तर ओट्यावर गॅसची शेगडी आणि मागच्या दारी पत्र्याखाली पेटलेली चूल अशी जोडी हटकून दिसते. आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, कळण्याची भाकरी आणि सणासुदीचे मांडे ही कामे अजून चुलीकडेच आहेत, आणि सिलिंडर महागला की त्यात रोजच्या वरणभाताचीही भर पडते. मग पंचायत समितीकडून मिळणारी निर्धूर चूल ज्यांनी वापरलेली आहे, त्या बायका हमखास विचारतात की ती चूल गेली कुठे, आणि ती पुन्हा का तयार होत नाही.

प्रश्न रास्त आहे. ती चूल काही गुपित नव्हती. तिची मापे छापलेली आहेत, ती बांधणारे कारागीर अजून हयात आहेत आणि तिला लागणारे साहित्य तालुक्याच्या बाजारात मिळते. असे असूनही ती पुन्हा घडवणे वाटते तितके सरळ नाही. ते का, हे कळायला आधी चुलीच्या पोटात काय घडते ते पाहावे लागेल.

लाकूड जळते म्हणजे नेमके काय होते

लाकूड थेट पेट घेत नाही. ते तापले की आधी त्यातले पाणी निघून जाते, आणि साधारण 200 ते 300 अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे घटक फुटून त्यांचे वायू होऊ लागतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायुरूप होऊन बाहेर पडतो आणि उरतो तो कोळसा, ज्याला आपण निखारा म्हणतो. ज्वाळा दिसते ती या वायूंची असते. हे वायू पूर्ण जळायला तीन गोष्टी लागतात: सुमारे 600 अंशांच्या वरची उष्णता, पुरेशी हवा, आणि त्या दोन्ही एकत्र नांदतील एवढा वेळ. यातली एक जरी कमी पडली तरी वायू अर्धवट जळून बाहेर पडतात आणि आपल्याला धूर दिसतो.

म्हणजे धूर हे उतू गेलेले दूध आहे. पैसे त्याचेही मोजलेले असतात, पण ते पोटात जात नाही आणि वर शेगडी घाण करते. डोळ्यांत जाणारा, भिंती काळ्या करणारा आणि फुफ्फुसात उतरणारा धूर हे न जळलेले सरपणच असते. म्हणून धूर कमी करणे आणि जळण वाचवणे ही दोन कामे काही अंशी एकच आहेत. मात्र ती पूर्णपणे एक नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवे. भांड्याला जास्त उष्णता मिळावी म्हणून ते ज्वाळेच्या फार जवळ आणले, तर थंड बुडाला लागून ज्वाळा विझते, जळण वाचते पण धूर वाढतो. चांगली चूल या दोन टोकांमध्ये तोल साधते आणि तो तोल मापांवर उभा असतो.

ओल्या लाकडाचा मुद्दाही इथेच येतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. हे पाणी उडवण्यात काही उष्णता खर्च होतेच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्या वाफेने चुलीचे पोट थंड राहते आणि वायू जळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. ओल्या सरपणावर कुठलीही सुधारित चूल चालत नाही, मग ती कोणीही बनवलेली असो.

तीन दगड आणि पाच लिटर पाणी

तीन दगडांच्या चुलीत जळणातली साधारण 10 ते 15 टक्के उष्णता भांड्यात जाते आणि बाकीची वाऱ्यावर, दगडांत व जमिनीत जाते. किती उष्णता भांड्यात गेली याच्या टक्केवारीला औष्णिक कार्यक्षमता म्हणतात. यापुढे मी नुसते कार्यक्षमता म्हणेन.

हिशेब सोपा आहे. पाच लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला 375 किलोकॅलरी लागतात. एक किलो चांगल्या वाळलेल्या लाकडात साधारण 4,000 किलोकॅलरी असतात. चुलीची कार्यक्षमता 10 टक्के असेल तर त्या किलोतल्या 400 किलोकॅलरीच कामाला येतात, म्हणजे पाच लिटरसाठी जवळजवळ एक किलो लाकूड लागते. तीच कार्यक्षमता 25 टक्क्यांवर गेली तर तेवढेच पाणी पावणेचारशे ग्रॅममध्ये उकळते. हिवाळ्यात धुळ्याकडे पारा उतरतो तेव्हा घरातल्या चार-पाच माणसांचे पाणी तापवायचे म्हटले, तर हा फरक मोळीत मोजावा लागतो.

कार्यक्षमता वाढवायचे मार्ग थोडे आहेत. आगीभोवती बंद पोट करायचे, खालून जाळीतून हवा द्यायची, आणि तापलेले वायू भांड्याच्या बुडाला व कडांना घासून जातील एवढीच फट ठेवायची. ही फट साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास असते. ती दोन-चार मिलिमीटरने रुंद झाली की गरम वायू भांड्याला न शिवताच मधून निघून जातात, आणि अरुंद झाली की आग गुदमरते.

इथे एका समजुतीबद्दल बोलले पाहिजे, कारण ती आपल्याकडे फार पक्की आहे: जाड मातीची चूल उष्णता धरून ठेवते, म्हणून ती चांगली. माती उष्णता धरते हे खरे, पण ती धरण्यासाठी आधी आगीकडून घेते, आणि स्वयंपाक उरकल्यावर ती उष्णता कुणाच्याच उपयोगी पडत नाही. ग्वाटेमालात 1976 च्या भूकंपानंतर माती आणि वाळूची भरभक्कम लोरेना चूल मोठ्या कौतुकाने गावोगावी बांधली गेली. पुढे मोजमाप झाले तेव्हा तिला कित्येकदा उघड्या आगीपेक्षा जास्त लाकूड लागते असे दिसले. त्या अनुभवातूनच अमेरिकेतल्या ॲप्रोव्हेचो या संस्थेत लॅरी विनियार्स्की यांनी 1980 च्या दशकात हलक्या, उष्णतारोधक पोटाची रॉकेट चूल मांडली. राख, भाजलेल्या हलक्या विटा किंवा भुसा जळून सच्छिद्र झालेली माती अशा वस्तू उष्णता अडवतात. ठोकून घट्ट केलेली माती ती गिळते.

ही चूल आली कुठून

भारतात धूर बाहेर काढणाऱ्या चुलीचा विचार स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झाला, आणि त्यातला एक धागा महाराष्ट्रातलाच आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून 1947 मध्ये मगन चूल पुढे आली. पाठोपाठ हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि 1953 मध्ये तिची पुस्तिका निघाली. त्या काळी भर धुरावर होता. जळण वाचवण्याची निकड 1970 च्या दशकात, तेलाचे भाव भडकल्यावर आणि जंगले उघडी पडू लागल्यावर आली.

केंद्र सरकारने 1983 मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि 2002 मध्ये तो राज्यांवर सोपवून अंग काढून घेतले. मधल्या काळात देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या गेल्या. आपल्याकडे जिला निर्धूर चूल म्हणतात ती याच कार्यक्रमातली. तिची सर्वसाधारण रचना अशी: पुढे जळण घालायचे तोंड, त्यामागे बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाळी असलेले पोट, पोटावर पहिले भांडे, तिथून आडव्या बोगद्याने वायू मागच्या वैलाकडे जातात, तिथे दुसरे भांडे तापते, आणि मग धुराड्यातून धूर छपरावर जातो. पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने, अशा चुलींच्या नमुन्यांवर काम केले. त्यांच्या लक्ष्मी चुलीचे वैशिष्ट्य नुसत्या आकारात नव्हते. ती लोखंडी पत्र्याच्या साच्यात ओतता येत होती, आणि पुढच्या सगळ्या चर्चेत हा साचाच महत्त्वाचा आहे.

मग ती बंद का पडली

एका वाक्यात सांगायचे तर चुली मोजल्या गेल्या, त्यांचा वापर मोजला गेला नाही. कार्यक्रमात चुलीच्या किमतीतला मोठा वाटा अनुदानाचा होता. थोडे दिवस प्रशिक्षण घेतलेला कारागीर चूल बांधून द्यायचा आणि त्याला मेहनताना मिळायचा तो बांधलेल्या चुलीमागे. सहा महिन्यांनी जाळी तुटली किंवा धुराडे काजळीने तुंबले, तर त्याने पुन्हा त्या गावात जावे असे त्या व्यवस्थेत काहीच नव्हते. मातीच्या चुलीचे आयुष्य दोन वर्षे धरलेले असायचे, पण दोन वर्षांनी काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

दुरुस्तीचा हा मुद्दा पुढे आकड्यांनीही सिद्ध झाला. रेमा हॅना, एस्तर दुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी ओडिशातल्या 44 गावांत सुमारे 2,600 कुटुंबांचा चार वर्षे पाठपुरावा केला. धुराड्याची चूल मिळाल्यावर पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला, पण नंतर तो फरक पुसला गेला, कारण चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजी झाली नाही. आरोग्यात आणि जळणाच्या खर्चात टिकाऊ फरक आढळला नाही. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली वस्तू घरात निकामी कशी ठरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते.

याच्या शेजारी चीनचा अनुभव ठेवून पाहावा. तिथे 1982 ते 1992 या दहा वर्षांत सुमारे 13 कोटी सुधारित चुली बसल्या. सरकारी मदत तुटपुंजी होती आणि बहुतेक खर्च घरानेच केला. पण चुलीचे नाजूक भाग कारखान्यात एका मापाचे बनत आणि गावातला कारागीर ते बसवून देई. लोकांनी पदरचे पैसे घातले म्हणून वस्तू जपली गेली, एवढेच त्यातून काढणे मला अपुरे वाटते. माप कारखान्याने राखले आणि बसवणारा गावातच राहिला, हे त्यातले जास्त शिकण्याजोगे आहे.

रेखाचित्र हातात आहे, मग अडचण कसली?

अडचण मापांची आहे. कुशल गवंड्याने हातावर बांधलेली चूल आणि त्याच्याच हाताखालच्या पोराने बांधलेली चूल बाहेरून सारख्या दिसतात, पण पोटात एक सेंटिमीटरचा फरक पडला की एक चूल ओढ घेते आणि दुसरी तोंडातून धूर ओकते. म्हणून साचा हवा. साच्यात बाहेरचा आकार थोडा वेडावाकडा झाला तरी चालतो. आतली पोकळी, बोगद्याची उंची आणि धुराड्याचे भोक दर वेळी तेच राहिले पाहिजे.

साचा आला की पुढचा प्रश्न येतो तो कशाने भरायचा. नुसते सिमेंट आगीसमोर टिकत नाही. चारशे-पाचशे अंशांना त्याची पकड सुटू लागते आणि पोटाच्या कडेचे पापुद्रे निघतात. नुसती माती भरली तर आमच्या तापीकाठच्या काळ्या जमिनीची अडचण उभी राहते. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून काळ्या मातीत वाळू, भुसा आणि शेण घालावे लागते, किंवा नदीकाठचा पोयटा आणावा लागतो. माझ्या मते सगळ्यात टिकाऊ मार्ग दोन थरांचा आहे: आत कुंभाराने भट्टीत भाजलेले कवच, बाहेर सिमेंट किंवा विटांचे बांधकाम आणि दोन्हींच्या मध्ये राख. कवच तडकले तर तेवढेच बदलता येते.

पण कुंभाराकडे गेले की माप पुन्हा हातातून निसटू लागते. ओली माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, आणि हे प्रमाण मातीगणिक बदलते. वीस सेंटिमीटर व्यासाचे कवच हवे असेल तर कुंभाराचा साचा बावीस सेंटिमीटरहून थोडा मोठा लागेल. पण तो नेमका किती मोठा हे त्या गावच्या मातीचे चार-सहा तुकडे भाजून, आधी आणि नंतर मोजूनच ठरवावे लागते. पुण्याचा साचा एरंडोलच्या कुंभाराला जसाच्या तसा देऊन चालत नाही, ते यामुळेच.

जाळी ही दिसायला किरकोळ वस्तू, पण तिच्यावर सगळे अवलंबून आहे. ती निखाऱ्यांना वर धरते म्हणून खालून हवा मिळते, आणि राख खाली पडते म्हणून पोट मोकळे राहते. ही जाळी बिडाची हवी. बीड महाग पडते म्हणून बांधकामाच्या सळया वाकवून टाकल्या, तर त्या लाल होऊन झोल खातात, त्यांना पापुद्रे धरतात आणि काही महिन्यांत जळण राखेत पडू लागते. एकट्यादुकट्या चुलीसाठी बिडाची जाळी ओतून घेणे परवडत नाही. शेकड्याने मागणी असली तरच ओतकाम करणारा साचा लावतो. चूल बनवणे हा घरोघरचा उद्योग असला तरी जाळी बनवणे हा कारखान्याचाच आहे.

राहिले धुराडे. जुन्या कार्यक्रमात ॲस्बेस्टॉस सिमेंटचे नळ वापरले जात. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा धोका आता सर्वज्ञात आहे, तेव्हा तो नळ पुन्हा आणू नये. पत्र्याचा किंवा भाजलेल्या मातीचा वापरावा. खानदेशातल्या धाब्याच्या घरात आणखी एक व्यवहार्य अडचण आहे. मातीचे सपाट छप्पर फोडून नळ वर काढला की नळ तापतो, थंडावतो, हलतो आणि भोवतीची माती सुटते. पहिल्या पावसात तिथून पाणी गळते. चूल कितीही चांगली असली तरी जिच्यामुळे माळवद गळते ती चूल घरातली बाई दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ठेवणार नाही, आणि त्यात तिचे काही चुकतही नाही. नळ भिंतीतून आडवा काढून बाहेर उभा केला तर गळती टळते, मात्र एक वळण वाढल्याने काजळी तिथे साठते आणि साफ करायला झाकण ठेवावे लागते.

चूल चांगली आहे हे ठरवायचे कोणी?

उचलून नेता येणाऱ्या चुलींसाठी भारतीय मानक आहे, क्रमांक आयएस 13152, आणि त्याची सुधारित आवृत्ती 2013 ची आहे. साध्या ओढीच्या चुलीची कार्यक्षमता किमान 25 टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान 35 टक्के असावी, असे ते सांगते. भांड्यात गेलेल्या दर मेगाज्यूल, म्हणजे सुमारे 240 किलोकॅलरी उष्णतेमागे कार्बन मोनॉक्साइड 5 ग्रॅमच्या आत असावा लागतो, आणि साध्या चुलीसाठी धुराचे कण 350 मिलिग्रॅमच्या आत. दिल्लीची आयआयटी आणि उदयपूरचे महाराणा प्रताप कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठ अशा ठिकाणी या चाचण्या होतात. जागेवर बांधायच्या निर्धूर चुलीला हे मानक तंतोतंत लागू होत नाही, तरी मोजण्याची रीत उसनी घेता येते.

प्रयोगशाळेत चूल पेटवणारा मात्र सारख्या आकाराचे, वाळवलेले लाकडाचे तुकडे तोलून घालतो. आपल्याकडे तसे घालायला लाकूड आहेच कुठे?

खानदेशातले जळण म्हणजे पऱ्हाटी

चोपडा, धरणगाव, पारोळा, शिरपूर या पट्ट्यात कापूस उपटून झाला की बांधावर पऱ्हाट्यांचे भारे रचले जातात. हेक्टरी दोन-तीन टन काड्या निघतात, आणि ज्यांचे स्वतःचे शेत नाही त्यांनाही त्या उपटून नेण्याच्या बोलीवर मिळतात. त्यांच्या जोडीला तुराट्या, बाभळीच्या फांद्या आणि गोवऱ्या असतात. नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगाव भागात मात्र सातपुड्यातले लाकूडच जास्त जळते.

पऱ्हाटी बारीक, लांब आणि पोकळ रचली जाणारी असते. ती भुर्रकन पेटते आणि लवकर संपते. कमरेइतक्या लांब काड्या जुन्या चुलीत घालायच्या आणि जळतील तशा आत सारायच्या, ही रोजची सवय आहे. निर्धूर चुलीचे तोंड लहान असते, त्यामुळे काडी मोडून घालावी लागते आणि दर मिनिटा-दोन मिनिटांनी पाहावे लागते. एका हाताने भाकरी थापणाऱ्या बाईला हे जमत नाही, म्हणून ती तोंड फोडून मोठे करते. एकदा तोंड मोठे झाले की थंड हवा आत घुसते, पोट निवते आणि चूल पुन्हा जुन्यासारखी धुमसते. तेव्हा इथे विकायच्या चुलीचे तोंड आणि जाळीची फट बाभळीच्या ओंडक्यावर नव्हे, पऱ्हाटीवर ठरवली पाहिजे; पुढे एक फळी किंवा आडवी सळई असावी, जिच्यावर काड्यांचा भार पेलला जाईल.

यात एक शेतीचा पेचही आहे. गुलाबी बोंडअळीचे कोष आणि अळ्या वाळक्या बोंडांत दडून राहतात, म्हणून पऱ्हाट्यांचे ढीग घराजवळ किंवा बांधावर साठवू नयेत असे कृषी विभाग दर हंगामाला सांगतो. चूल मात्र वर्षभराची साठवण मागते. यावर तोडगा म्हणजे उपटल्याबरोबर न उघडलेली बोंडे झोडून वेगळी करून नष्ट करणे आणि काड्या लगेच तुकडे करून ठेवणे. तुकडे केलेली पऱ्हाटी चुलीलाही सोयीची पडते. कष्ट तेवढे वाढतात.

मांडे आणि भाकरी यांचे काय?

चूल बनवणारे पातेल्याचा विचार करतात आणि खानदेशी स्वयंपाक पातेल्यापाशी थांबत नाही. भाकरीचे पाहा. तव्यावर पाणी लावलेली बाजू सुकली, उलटून दुसरी भाजली की भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी, पुढे ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करतात आणि ती तिथे टम्म फुगते. जाळीच्या चुलीत निखारे विझत विझत खाली राखेत पडतात, आणि तोंड तर हातभरही नसते. भाकरी शेकायला जागाच उरत नाही. पुरणाच्या मांड्यांना उलटे घातलेले मोठे खापर लागते आणि त्याला सगळीकडून पसरट, मंद आच हवी असते; रॉकेट चुलीची सरळ उभी ज्वाळा खापराच्या मधोमध डाग पाडते आणि कडा कच्च्या ठेवते. भरिताची वांगी तर काड्यांच्या उघड्या जाळावरच भाजायची असतात, तिथे कुठल्याच चुलीचा संबंध नाही.

म्हणून एकच चूल सगळे करील असा आग्रह सोडून द्यावा, असे मला वाटते. खापराची आणि भाकरीची चूल आहे तशी राहू द्यावी. ती रोज थोडा वेळच पेटते. सुधारित चूल घडवायची ती आंघोळीच्या पाण्यासाठी, आंबोणासाठी आणि डाळ शिजवण्यासाठी. तिथे भांडे एकच, तेही ठरलेल्या मापाचे, आणि आच तासभर सलग लागते. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना मधल्या नळीत आग आणि भोवती पाणी ही रचना किती काटकसरी असते ते माहीत आहे.

गॅस असताना हे कशाला?

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. आरोग्याच्या दृष्टीने गॅसला तोड नाही, आणि कुठलीही लाकडाची चूल त्याच्या बरोबरीला येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुरामुळे 2020 मध्ये जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. ज्या घराला पूर्ण स्वयंपाक गॅसवर करणे परवडते त्या घराला चूल घ्या असे सांगणे चुकीचे ठरेल.

पण जोडणी असणे आणि सिलिंडर भरून आणणे यांत अंतर आहे. उज्ज्वला योजना 2016 च्या मे महिन्यात सुरू झाली आणि 2019 च्या सप्टेंबरात आठ कोटींवी जोडणी आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. या कुटुंबांनी 2019-20 मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर घेतले. 2023-24 मध्ये हा आकडा चारच्या आसपास आला. पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक आणि पाणी चार सिलिंडरांत होत नाही. उरलेले काम चुलीवर होते, आणि ते कोणत्या चुलीवर होते एवढाच आपला प्रश्न आहे.

धुराडे लावले तरी धूर शेवटी गल्लीतच जातो, असेही म्हटले जाते. ते खरे आहे, आणि दाट वस्तीत शेजारच्या खिडकीतून तो परत येतो. म्हणूनच धूर बाहेर काढण्याआधी तो पोटातच जाळला पाहिजे. नुसते धुराडे हा अर्धा उपाय आहे. झाडे तुटतील ही भीती सातपुड्याच्या पायथ्याशी खरी आहे, कापूसपट्ट्यात मात्र काडी जळते, झाड नाही.

पंखा लावलेल्या, भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या चुलीच का नकोत, असेही विचारले जाईल. अशा चुली धुराच्या बाबतीत साध्या चुलीपेक्षा बऱ्याच सरस असतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर आधारलेली ऊर्जा चूल 2006 च्या सुमारास महाराष्ट्र आणि कर्नाटकात आली आणि लाखोंनी खपली. पण तिला शेतकचऱ्याच्या दाबलेल्या गोळ्याच लागत. कच्च्या मालाला दुसरीकडे जास्त भाव मिळू लागला, गोळ्या महागल्या आणि घरातल्या चुली कोपऱ्यात गेल्या. विकत घ्याव्या लागणाऱ्या जळणावर चालणारी चूल त्या जळणाच्या बाजारभावाला बांधलेली असते.

फुकट मिळत असेल तर?

आदिवासी भागांत अलीकडे फुकट चुली वाटणाऱ्या योजना पोहोचतात. त्यामागे बहुधा कार्बन क्रेडिट असते: चुलीने वाचवलेल्या लाकडामुळे जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला नाही, त्याचा दाखला परदेशी कंपन्यांना विकायचा आणि त्या पैशांत चूल द्यायची. यातून चूल स्वस्त होते हे खरे, पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की तपासलेल्या चूल-प्रकल्पांनी झालेल्या बचतीपेक्षा सरासरी सुमारे नऊ पट जास्त दाखले काढले होते. चूल घरात आहे म्हणजे ती रोज पेटते, असे गृहीत धरल्याचा हा परिणाम. जुन्या सरकारी कार्यक्रमात नेमके हेच घडले होते, फक्त तेव्हा मोजणारा वेगळा होता.

माझा कल त्यामुळे फुकट चुलीपेक्षा सुट्या भागांकडे आहे. बिडाची जाळी आणि भाजलेले कवच या दोन वस्तू एका मापाच्या, भांड्यांच्या दुकानात किंवा आठवडी बाजारात, कुकरच्या रबरासारख्या सहज मिळाल्या पाहिजेत. अनुदान द्यायचेच तर ते पहिल्या चुलीला कमी आणि दुसऱ्या कवचाला जास्त द्यावे, कारण दुसरे कवच तेच घर मागते जे चूल खरोखर वापरते. बसवणाऱ्या कारागिराचा अर्धा मेहनताना बांधल्यावर आणि अर्धा वर्षभराने, चूल पेटती सापडल्यावर द्यावा. धुराडे झाडण्याचे काम त्याच्याकडेच ठेवावे आणि ते मे महिन्यात, पावसाआधी उरकावे, म्हणजे नळाच्या बुडाशी माती सुटलेली असेल तर तीही त्याच फेरीत बुजवता येते.